मदत हवी आहे: ओसाड नागपूर काढतोय, आभाळाचा चिखल झालाय

नमस्कार मंडळी,
जलरंग काही जमले नाहीत म्हणून रंगपेन्सिलींकडे वळलो. सध्या एक चित्र अडलंय. जग बुडून शंभरेक वर्षं झालीत. झिरो माइलचा वालुकाश्माचा खांब अर्धा मातीत, चार घोड्यांपैकी दोनच शिल्लक, रस्त्यावर बाभळी आणि मागे कोराडी वीज केंद्राच्या थंड पडलेल्या चिमण्या. (तिथून कोराडी दिसत नाही, ठाऊक आहे. मधल्या इमारती पडल्या समजा.) संदर्भासाठी मे महिन्यात दुपारी दोनला सिव्हिल लाइन्समध्ये चक्कर मारली, आईनं दिलेला कांदा खिशात ठेवून. वेगळी कल्पनाशक्ती लागलीच नाही.

कागद ए३, १८० जीएसएम कार्ट्रिज. मेणाच्या ३६ पेन्सिली.

आभाळ धुळीचं हवं होतं. पिवळा, त्यावर तपकिरी, मग काळा, शेवटी मऊ करायला पांढरी जोरात घासली. आता ते चमकतंय आणि पेन्सिल नुसती घसरते. शिवाय चिमण्या लांब असूनही अंगावर येतात. कागद वाचेल का? आणि पुढचं वाळकं गवत फिकट कसं ठेवू? गडदवर फिकट बसतच नाही.

प्रतिसाद १
भाऊ, पांढरीनं घासणं म्हणजे बर्निशिंग, ते सगळ्यात शेवटी. मेणानं कागदाचा खरखरीतपणा बुजला, रंग धरणार कुठे? ब्लू टॅकचा (भिंतीवर कागद चिकटवायची मऊ पुट्टी) गोळा दाबून दाबून रंग उचल, घासू नको. तरी घसरलं तर फिक्सेटिव्हचा (चित्रावरचा रंग पक्का करणारा स्प्रे) हलका फवारा दे (गच्चीवर!), वाळल्यावर एखाददोन थर बसतील.

काळी पेन्सिल भाच्याला देऊन टाक. गडद निळ्यावर तपकिरी चढव, त्यातला अंधार जिवंत असतो. आभाळाला पिवळ्यावर अगदी हलका जांभळा दे, करडेपणा आपोआप येतो. पेन्सिल मागून धर, बारीक गोल फिरव.

चिमण्यांचं म्हणशील तर तू उन्हात हिंडून आलास ना? लांबच्या इमारतींना कडा दिसल्या का? धुळीत लांबची वस्तू आभाळात विरते. आभाळाचाच रंग, जरासा गडद, कड नकोच. सर्वांत गडद जागा खांबाच्या पायथ्याशी ठेव.

प्रतिसाद २
गवतासाठी रिफिल संपलेलं बॉलपेन. रंगवायच्या आधी त्यानं पाती दाबून काढायची. वरून पेन्सिल आडवी फिरवली की त्या खाचा कोऱ्या राहतात. विजेच्या तुटक्या ताराही अशाच निघतात. आधी फिकट पिवळा देऊन मग खाचा पाडल्या तर पाती पिवळी दिसतात, वाळक्या गवताला तेच बरं. रंगवून झालं असेल तर ब्लेडच्या टोकानं खरवड, पण १८०चा कागद आहे, फाटेल.

धागाकर्ता
धन्यवाद! पुढची जमीन कोरीच आहे, बॉलपेन शोधून राहिलो. आभाळावर ब्लू टॅक चालवला. बराच रंग निघाला, सोबत एक चिमणीही अर्धी गेली. ती तशीच ठेवतोय.