तीन माणसांचा रॉक बँड: दुसरा गिटारवाला लागतोच का?

तीनतारी (लातूर)

गॅदरिंगचे दिवस आले की नव्या बँडांमध्ये एकच विषय चालतो. गिटार, बेस, ड्रम जमलेत, आता दुसरा गिटारवाला कुठून आणायचा? माझं म्हणणं, आणूच नका.

तक्रार ठरलेली असते: गिटार सोलोला गेली की मागे खड्डा पडतो. पडतो, मान्य. पण तो खड्डा गिटारीचा नाही, बेसचा आहे. ज्या त्रिकुटांचं नाव राहिलं, त्यांच्यातला बेसवाला साथीला बसलेला माणूस नव्हताच. क्रीम या त्रिकुटात (लंडन, १९६६) जॅक ब्रूस गिब्सनचा आखूड मानेचा ईबी-३ बेस वाजवत स्वतः गायचा. गिटारवाला एरिक क्लॅप्टन सोलोला लागला की हा मूळ स्वरावर थांबायचा नाही, शेजारून आपली वेगळी चाल काढायचा. १० मार्च १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये मुद्रित झालेलं ‘क्रॉसरोड्स’ हेडफोन लावून फक्त बेसवर कान ठेवून ऐका. मोटरहेड बँडचा बेसवाला लेमी मूळचा ऱ्हिदम (साथीचे कॉर्ड वाजवणारा) गिटारवाला, म्हणून रिकनबॅकर बेसवर दोन-दोन तारांचे कॉर्ड झोडायचा. मार्शलच्या बेस अँपवर मिड (मधला आवाज) पूर्ण, बेस (खालचा) आणि ट्रेबल (वरचा) जवळपास बंद. नोएल रेडिंगही गिटारवालाच, जिमी हेंड्रिक्सच्या त्रिकुटात आल्यावर त्याच्या हाती बेस आला.

करायचं एवढंच. सोलोच्या आधी दोन मात्रा बेसवाल्याने ड्राइव्ह (आवाज खरखरीत, जाड करणारं पेडल) चालू करायचा आणि एकट्या मूळ स्वराऐवजी सा-प किंवा वरचा सा जोडून घ्यायचा. गिटारवाल्याने सोलो उघड्या तारा वाजत राहतील अशा पट्टीत बसवायचा. ई, ए, डी सोप्या. ई फ्लॅटमध्ये गाणं असेल तर सगळ्यांनी अर्धा स्वर उतरवून ई च्या बोटांनीच वाजवा, खालची तार मोकळी मिळते.

फीडबॅक (छ. संभाजीनगर)

तीनतारी, नावं बरोबर घेतलीत, निष्कर्ष मात्र पोस्टर बघून काढलाय.

‘तिघंच पुरे’ ही गोष्ट रेकॉर्डवर जवळपास कुठंच खरी नाही. क्रीमच्या ‘व्हील्स ऑफ फायर’मध्ये (१९६८) निर्माता फेलिक्स पापालार्डी स्वतः व्हायोला वाजवतोय. हेंड्रिक्सच्या ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’वरचा बेस रेडिंगचा नाही, हेंड्रिक्सचाच आहे. झेडझेड टॉपचा ‘एलिमिनेटर’ (१९८३) ड्रम मशीन आणि सिंथेसायझरवर उभा आहे. निर्वाणा बँडच्या ‘नेव्हरमाइंड’वर (१९९१) एकाच माणसाच्या गिटारीचे थर एकावर एक चढवलेत. आपली पोरं तो अल्बम ऐकून एका गिटारीत तसाच आवाज काढायला बघतात आणि ‘अँप चांगला नाही’ म्हणून मोकळी होतात.

मंचावरही तेच. निर्वाणाने १९९३ साली पॅट स्मिअरला दुसऱ्या गिटारीवर घेतलं. पोलिस या बँडने १९८३च्या दौऱ्यात तीन गायिका मागे उभ्या केल्या. ग्रीन डे बँडबरोबर जेसन व्हाइट १९९९पासून वाजवतोय. आणि ज्याचं उदाहरण तुम्ही एवढ्या हौसेने दिलंत, त्या मोटरहेडमध्ये १९८४ ते १९९५ दोन गिटारवाले होते.

मुळात त्रिकूट ही काही कलेची साधना नव्हती. अँप मोठे झाले म्हणून ते परवडलं. मार्शलचा १०० वॅटचा अँप १९६५ साली द हूसाठी बनला. त्याच्याआधी एका गिटारीने हॉल भरणं अवघड होतं आणि पीए (प्रेक्षकांसाठीचे लाउडस्पीकर) तर फक्त गाण्यापुरता असायचा. आवाज भरायला माणूस लागायचा, त्या माणसाची जागा खोक्याने घेतली.

तीनतारी (लातूर)

मोटरहेडचं मान्य. पण १९९५ला दुसरा गिटारवाला वुर्झेल सोडून गेल्यावर त्यांनी जागा भरली नाही. पुढची वीस वर्षं, लेमी जाईपर्यंत, तिघंच होते. पोलिसचंही तसंच: २००७-०८चा पुनर्मीलन दौरा तिघांनीच केला, ना गायिका ना कीबोर्डवाला.

आणि अँपच्या आधी त्रिकूट नव्हतं, हे कुणी सांगितलं? जुलै १९५४, मेम्फिसचा सन स्टुडिओ: एल्विसची साधी गिटार, स्कॉटी मूरची इलेक्ट्रिक, बिल ब्लॅकचा उभा बेस. ड्रम नाहीच. ब्लॅक तारा बोटफळीवर आपटून ठेका काढायचा. जॉनी कॅश तर तारांखाली कागद सरकवायचा, म्हणजे गिटार स्नेअर ड्रमसारखी वाजते. १९५८ साली बडी हॉलीची क्रिकेट्स इंग्लंडात तिघंच वाजवून आली, दुसरा गिटारवाला आधीच सोडून गेला होता.

बेसुरा बेस (परभणी)

इतिहास राहू द्या बाजूला, खड्डा बुजवायचा कसा ते नीट सांगा. ‘बेसवाल्याने ड्राइव्ह लावावा’ एवढंच वाचून लई जण गिटारचं पेडल बेसला थेट लावायलेत, आणि मग म्हणतात की बँड पातळ झाला. होणारच. ट्यूब स्क्रीमर या गिटारच्या पेडलच्या जातीचं पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या खालचं क्लिपिंगला (आवाज फाडणाऱ्या भागाकडे) फार कमी जाऊ देतं. बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, गिटारची ८२. ज्यासाठी बेस आहे तेच कापून टाकलं.

उपाय असा. सिग्नल दोन वाटांनी न्या, किंवा ब्लेंडची (साफ आणि ड्राइव्हचा आवाज मिसळायची) खुंटी असलेलं पेडल घ्या. साफ वाटेवर खालचं राहू द्या. ड्राइव्हच्या वाटेवर २०० ते २५० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. दोन्ही मिसळताना सुरुवात निम्म्या-निम्म्यापासून करा, पुढचं कानाने ठरवा. वाटा जोडल्यावर आवाज वाढायच्या जागी पोकळ झाला तर फेज उलटलाय (दोन लाटा एकमेकींना खोडतायत), एका वाटेचा फेज फिरवा. हे तपासल्याशिवाय पेडलला शिव्या देऊ नका. ७०० ते १००० हर्ट्झच्या आसपास थोडं उचललं की बोटांचा आवाज गिटारीच्या रिकाम्या जागेत येऊन बसतो. सोलो संपला की ड्राइव्ह बंद करायचा, नाहीतर पुढच्या कडव्यात गायक सापडत नाही.

आणखी एक. त्रिकुटात बऱ्याच वेळा बेसवालाच गातो: ब्रूस, लेमी, पोलिसचा स्टिंग, रश बँडचा गेडी ली. त्यातला गेडी ली पायाने बेस-पेडलंही वाजवायचा, ते सगळ्यांनी करू नये! कडव्यात बेसची चाल आठव्या भागांवर सरळ ठेवा. वळणं ओळीच्या शेवटी, श्वास घेतानाच्या जागेत टाका.

ठेका (नांदेड)

तुम्ही दोघंही खड्डा बुजवायच्याच मागे लागलात. तो ठेवायचा असतो, हे कुणी म्हणतच नाही.

पोलिस नीट ऐका. रेगेतून आलेली शिस्त आहे ती. ‘वॉकिंग ऑन द मून’मध्ये (१९७९) गिटार एक कॉर्ड मारते आणि तो विरू देते. मध्ये फक्त बेसची चाल आणि ड्रमवाल्या कोपलँडचा हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या झांजा). गिटारवाला अँडी समर्स पूर्ण कॉर्ड फार कमी धरतो: सा, प आणि वरचा रे, ग गाळलेला. ‘मेसेज इन अ बॉटल’ची मुख्य चाल तशीच आहे. ग नसला की कॉर्ड हसरा की उदास ते ठरत नाही, आणि बेसला हवं तिकडे वळायला मोकळीक राहते. तिथं दुसरा गिटारवाला आणून भरगच्च बार-कॉर्ड मारायला लावा, गाणं मेलंच.

ड्रमवाल्यांना एवढंच: सोलोला मागे रिकामं वाटलं म्हणून क्रॅश (झणझणणारी मोठी झांज) झोडू नका. क्रॅशची झणझण गिटार जिथं ऐकू येते त्याच पट्ट्यात येते. म्हणजे भर घालायला गेलात आणि सोलोच झाकलात. राइड झांजेवर जा, घंटेच्या कडेने वाजवा, स्नेअरवर हलके ठोके वाढवा. हेंड्रिक्सचा ड्रमवाला मिच मिचेल जॅझमधून आलेला, त्याच्याकडून घ्यायचं ते हेच.

डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) लावणाऱ्यांनी हिशेब पाठ करावा. ४५००० भागिले टेम्पो म्हणजे दीडपट आठव्याचा डिले. १२०ला ३७५ मिलिसेकंद. ड्रमवाला जोशात १२६वर गेला की हवे असतात ३५७, आणि पेडल ३७५वरच अडलेलं. चौघांच्या बँडमध्ये हे खपतं, तिघांत उघडं पडतं. टॅपचं (पायाने टेम्पो देण्याचं) बटण असलेलंच पेडल घ्या.

संबळ (तुळजापूर)

गंमत वाटते, मराठवाड्यात बसून तीन माणसांच्या बँडसाठी एवढी लांब धाव! गोंधळ बघा. संबळ, तुणतुणं, झांज. संबळाचे दोन तोंडं, एक खर्जाचं, एक टिपेचं, म्हणजे बेस आणि स्नेअर एकाच्याच कमरेला. एवढ्यावर रात्र काढतात, कुठं खड्डा दिसतो?

फीडबॅक (छ. संभाजीनगर)

उदाहरण झकास, पण ते माझ्या बाजूचं आहे. तुणतुण्याची तार एकच, आणि ती क्षणभरही थांबत नाही. कथेकरी बोलो, गावो, दम खावो, मागे सूर आहेच. शिवाय झील धरणारे असतात. मुख्य गायकाने ओळ सोडली की ते उचलतात. पोवाड्यातही शाहिराची ‘जी जी’ दुसरेच पुरी करतात. रॉकच्या त्रिकुटात ना तुणतुणं, ना झीलकरी. तुमचा दुसरा गिटारवाला म्हणजे तोच झीलकरी!

तीनतारी (लातूर)

झीलकरी मान्य, पण त्याला गिटार कशाला द्यायची? ड्रमवाल्यासमोर माइक लावा, झील मिळाली. आणि तुणतुण्याचं काम मोकळी तार करते. वर ई-ए-डी पट्ट्या सांगितल्या त्या त्याचसाठी.

बेसुरा बेस (परभणी)

एका मुद्द्यावर फीडबॅकरावांच्या बाजूने बोलावं लागतं. आपल्याकडचा साउंडवाला. त्याची सिस्टीम डीजेसाठी लावलेली असते: खालचं आणि वरचं चढवलेलं, मधलं खाल्लेलं. दोन गिटारी असल्या तर एखादी तरी ऐकू येते. एकच असली तर गिटार गायबच, मैदानात नुसता धडधड आवाज.

म्हणून कार्यक्रमाच्या आधी त्याला सांगा की ग्राफिक (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारा इक्वलायझर) आधी सपाट कर. तिघांना आठ-नऊ चॅनेल पुरतात: किक, स्नेअर, वरून दोन, गिटारच्या अँपपुढे एक माइक, बेसचा डीआय (बेस थेट मिक्सरला जोडणारी डबी), दोन-तीन गळे. बेसचा डीआय पेडलांनंतर घ्यायचा, आधी घेतला तर वरची सगळी मेहनत पीएत पोचतच नाही. जनरेटरवर गुणगुण आली तर डीआयवरचं ग्राउंड-लिफ्ट बटण दाबा. अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून ‘जुगाड’ करू नका. गाणाऱ्याचे ओठ माइकला आणि हात तारांना लागलेला असतो, झटका जिवावर बेततो.

फीडबॅक (छ. संभाजीनगर)

अँपबद्दलही तेच. ‘तिघं आहोत म्हणून १०० वॅटचा घेऊ’ हा हिशेब चुकीचा आहे. ५० वॅटवरून १०० वर गेलात तर फरक ३ डेसिबलचा, ‘जरासा मोठा’ एवढाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. कॉलेजच्या हॉलला ३०-४० वॅटचा अँप माइक लावून पुरतो. उरलेल्या पैशात बेसवाल्याला चांगला अँप घेऊन द्या. (हो, तीनतारी, हा मुद्दा तुम्हाला दिला.)

तरीही नव्या पोरांना मी चौघंच व्हा म्हणेन. तिघांत एकाची तार तुटली की गाणं थांबतं. तुमच्या यादीतले ब्रूस, हेंड्रिक्स, लेमी बँड काढायच्या आधी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मागे वाजवून तयार झालेले होते.

ठेका (नांदेड)

भांडण मिटवायला चाचणी सोपी आहे. मोबाइल ड्रमपासून चार-पाच मीटरवर, छातीच्या उंचीला ठेवा. एकच गाणं दोनदा मुद्रित करा, एकदा दुसऱ्या गिटारीसकट, एकदा तिच्याशिवाय. वाजवणाऱ्यांनी ऐकू नये, बाहेरच्याला ऐकवावं. त्याला फरक फक्त सोलोत जाणवला तर बेसवर काम करा. कडव्यातही जाणवला तर माणूस घ्या.

संबळ (तुळजापूर)

आणि द हू, लेड झेपेलिन, ब्लॅक सबाथ कुठं धरायचे? वाद्यं तीनच, चौथा नुसता गातो.

तीनतारी (लातूर)

त्रिकुटातच.

फीडबॅक (छ. संभाजीनगर)

अजिबात नाही. बेसवाल्याच्या तोंडाला काम नाही, तिथं अर्धी अडचण संपली. झेपेलिनचा जोन्स तर मधूनच उठून कीबोर्डवर बसायचा. यासाठी वेगळा धागा काढा.