बिशप ग्रेग्वार: चर्च फोडणारा की क्रांतीतला खरा ख्रिस्ती?

घाटमाथा:
फ्रेंच राज्यक्रांतीचा विषय निघाला की गाडी रोबेस्पिअर आणि गिलोटिनवर अडते. मला त्या काळातला सर्वांत ताठ कण्याचा माणूस वाटतो तो ब्लुआचा बिशप आंरी ग्रेग्वार. लोरेन प्रांतातल्या एका खेड्याचा हा पाद्री क्रांतीच्या संसदेत बसला आणि ज्यूंच्या नागरिकत्वासाठी, गुलामांच्या मुक्ततेसाठी भांडला. नोव्हेंबर १७९३ मध्ये ख्रिस्ती धर्मच हद्दपार करायची लाट आली, तेव्हा पॅरिसच्या बिशप गोबेलनं भर सभागृहात पद सोडलं, मग इतर पाद्रीही रांगेनं सोडू लागले. ग्रेग्वारवर दबाव आला, आरडाओरडा झाला. त्यानं ठाम नकार दिला आणि ऐन दहशतीच्या दिवसांतही बिशपच्या जांभळ्या झग्यातच सभागृहात येत राहिला.

रानवारा:
तो बिशप झाला कसा, तेही सांगा की. चर्चला सरकारी खातं बनवणाऱ्या कायद्याची शपथ सभागृहात सर्वांत आधी यानंच घेतली, २७ डिसेंबर १७९० रोजी. ब्लुआच्या जुन्या बिशपनं शपथ नाकारली, त्याची गादी गेली आणि १७९१ मध्ये तिथं हा निवडून आला. सप्टेंबर १७९२ मध्ये पॅरिसच्या कार्मेलाइट मठात आर्लच्या आर्चबिशपसकट शंभरावर लोक कापले गेले, बहुतेक सगळे शपथ नाकारलेले पाद्री. त्याच महिन्याच्या २१ तारखेला हे महाशय राजेशाही रद्द करा म्हणून भाषण करत होते.

घाटमाथा:
त्या कत्तलीत त्याचा हात नव्हता. तो तर फाशीच्याच विरोधात होता. राजावरच्या खटल्याच्या वेळी तो आल्प्सकडच्या सव्हॉय प्रांतात होता. तिथून सहकाऱ्यांसोबत पाठवलेल्या पत्रात त्यानं राजाला दोषी ठरवलं, पण देहदंड मागितला नाही.

चौकस:
ग्रेग्वारचा जून १७९४ चा भाषेवरचा अहवाल दोघांनीही सोडलात. देशात शुद्ध फ्रेंच बोलणारे जेमतेम ३० लाख, असं सांगून यानं ब्रेटन, बास्क आणि गावोगावच्या बोली संपवायचा आग्रह धरला. शेतकऱ्याला कायदा कळावा हा हेतू मान्य. मग कायद्याची भाषांतरं करा! त्यापायी घरात बोलायची भाषा का मारायची? मला त्याचं हे पाप शपथेपेक्षा मोठं वाटतं.

रानवारा:
माझ्यासाठी शपथच मोठी. १८३१ मध्ये ग्रेग्वार मरणाच्या दारात असताना पॅरिसच्या आर्चबिशपनं त्याला सांगितलं, ती शपथ मागे घे, मगच अंतिम संस्कार (मरणाऱ्याला पाद्री देतो ते). ऐंशीचा म्हातारा, तरी ऐकलं नाही. याला मी हट्टच म्हणेन.

घाटमाथा:
संस्कार अडवून धरणाऱ्याला काय म्हणाल मग? शेवटी आबे गियों नावाच्या पाद्र्यानं वरिष्ठांची आज्ञा मोडून ते संस्कार दिले. त्या खोलीत ख्रिस्ती धर्म कोण पाळत होतं, एवढंच सांगा.