शब्दचर्चा: ईसीजीतला ‘रिदम’ म्हणजे लय की ताल?

प्रश्न: रिदमसाठी मराठीत कुठे ‘लय’ वाचायला मिळते, कुठे ‘ताल’. नेमकं काय घ्यावं? आणि ‘ठोका चुकला’ हे ईसीजीवर कसं दिसतं?

प्रतिसाद १: ‘लय’ टाळावी, असं माझं ठाम मत आहे. संगीतात लय म्हणजे वेग: विलंबित, मध्य, द्रुत. ईसीजीत तो ‘रेट’ झाला. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणून छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२ सेकंदाचा. लागोपाठच्या दोन आर टोकांमध्ये (आर म्हणजे प्रत्येक ठोक्याचं उंच टोक) जितके मोठे चौकोन, त्यांनी ३०० ला भागा. चार चौकोन म्हणजे मिनिटाला ७५. ही लय.

ताल निराळा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात तेव्हा) वेग ८० असेल, म्हणजे लय ठीक, पण आवर्तनच नसतं: पी लहरी (वरच्या कप्प्यांची छोटी लहर) नाहीत आणि आर-आर अंतरांचा एकमेकांशी मेळ नाही. तिथे ३०० चा हिशेब फसतो. ३० मोठे चौकोन (६ सेकंद) घेऊन त्यांतले आर मोजा आणि १० ने गुणा.

प्रतिसाद २: ताल पटतो. वेंकेबाख ब्लॉकला (वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा विद्युत संदेश मधूनमधून अडतो, त्याचा एक प्रकार) तर अगदी चपखल बसतो: पीआर अंतर (पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या लहरीच्या, सुरुवातीपर्यंतचं) ठोक्यागणिक वाढत जातं, मग एका पीनंतर क्यूआरएस गळतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. अनियमित खरं, पण आवर्तन धरून.

भीती एवढीच की ‘ताल पक्का’ म्हणजे ‘सगळं ठीक’ असं कुणी समजेल. व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाचा (खालच्या कप्प्यांतून निघणाऱ्या वेगवान ठोक्यांचा) तालही पक्का असू शकतो, आणि रुग्ण क्षणात कोसळू शकतो. रिदममध्ये ठोक्याचा उगमसुद्धा येतो. सायनस नोडमधून (ठोका एरवी जिथे सुरू होतो त्या जागेतून) निघाला असेल तर दुसऱ्या लीडमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे बघण्याची एकेक दिशा; एव्हीआर हीही एक लीड) पी वर, एव्हीआरमध्ये खाली, आणि पीआर अंतर एरवी तीन ते पाच छोटे चौकोन. म्हणून उगमासकट ‘सायनस ताल’ म्हणावं, नुसतं ‘नियमित ताल’ नको. (एव्हीआरमध्ये पी वर आणि पहिल्या लीडमध्ये सगळंच उलटं दिसलं, तर आधी दोन्ही हातांच्या वायरींची अदलाबदल झाली आहे का ते बघा.)

प्रतिसाद ३: ‘ठोका चुकला’ म्हणतो तेव्हा बहुधा तो चुकलेला नसतो, लवकर आलेला असतो. व्हेंट्रिकलमधून (खालच्या कप्प्यातून) आला तर क्यूआरएस तीन छोट्या चौकोनांएवढा किंवा त्याहून रुंद, त्याच्या आधी पी नाही, मागून बहुतेकदा लांब विराम. खालचे कप्पे पुरते भरण्याआधीच आवळतात, रक्त कमी फेकलं जातं, मनगटाला काही लागत नाही. विरामानंतरचा ठोका जोरकस असतो. छातीत धस्स होतं ते त्याने. म्हणून ‘ठोका’ आणि ‘नाडी’ एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

प्रश्नकर्ता: मग ‘आगाऊ ठोका’?

प्रतिसाद ३: ‘आगाऊ’ला दुसराच अर्थ चिकटलेला आहे. ‘अकाली ठोका’ म्हणा. आणि ‘गळलेला ठोका’ हे वेंकेबाखसारख्या ब्लॉकसाठीच राखून ठेवा. तिथे पी वेळेवर येतो, क्यूआरएस येत नाही.