हम, बझ, हिस: वॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाजांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: घरी बांधलेल्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या (दोन ईसीसी८३ आणि एक ईएल८४ वॉल्व्ह) दुरुस्तीवर मराठीत टिपण लिहितो आहे. हम, बझ, हिस, क्रॅकल, सगळ्यांना सर्रास 'खरखर' म्हटलं जातं. वेगळे शब्द सुचवाल का?

प्रतिसाद: वेगळे हवेतच. नाव चुकलं की माणूस भलताच भाग बदलत बसतो.

हमला 'घूं' किंवा 'घुमणं' म्हणा. 'गुणगुण' नको, गुणगुणण्यात चाल असते. इथे एकच सूर धरलेला असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून फिलामेंटमधून (वॉल्व्ह तापवणाऱ्या तारेतून) शिरलेली घूं ५० हर्ट्झची आणि फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतर) उरलेली १०० हर्ट्झची. सुरात लावलेल्या गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसरा फ्रेट दाबा, तो ९८ हर्ट्झ. घूं त्याच्या अगदी जवळ लागली तर फिल्टर कंडेन्सर (डीसी सपाट करणारा) तपासा. एक सप्तक खाली असेल तर फिलामेंट: ६.३ व्होल्टच्या तारा घट्ट पिळून ग्रिडच्या (वॉल्व्हच्या सिग्नल घेणाऱ्या टोकाच्या) तारांपासून लांब, चासीच्या (धातूच्या सांगाड्याच्या) कोपऱ्यातून न्या. ट्रान्सफॉर्मरच्या त्या वाइंडिंगला मधला टॅप असेल तर तो ग्राउंडला जोडा. नसेल तरच दोन्ही तारांपासून ग्राउंडला १००-१०० ओहमचे अर्ध्या वॅटचे रझिस्टर लावा.

प्रतिसाद: बझला 'भणभण'. तीही बहुधा १०० हर्ट्झचीच, पण वरचे हार्मोनिक (त्याच्या पटींतले सूर) मिसळल्यामुळे कानाला टोचते. नव्या बांधणीत नेहमीचं कारण ग्राउंडची वायरिंग. एचटी (उच्च व्होल्टेजच्या) वाइंडिंगच्या मधल्या टॅपची तार थेट पहिल्या कंडेन्सरच्या ऋण टोकावर आणावी. ती चासीत कुठेतरी जोडली की कंडेन्सर भरणाऱ्या प्रवाहाचे झटके चासीतून वाहतात आणि पहिल्या वॉल्व्हच्या ग्राउंडवर उमटतात. भणभण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंग काढण्याचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, जिवावर बेतेल.

प्रतिसाद: हिसला 'सूं-सूं'. पहिल्या वॉल्व्हच्या प्लेटवरचा (आउटपुट टोकावरचा) १०० किलोओहमचा कार्बन रझिस्टर काढून मेटल फिल्मचा लावला की बरीच कमी होते, थोडी राहणारच. क्रॅकलला 'तडतड': कच्चा डाख किंवा सॉकेटची सैल पिन. अ‍ॅम्प चालू ठेवून कोरड्या लाकडी काडीने एकेक सांधा हलवा, दुसरा हात खिशात.

'खरखर' हा शब्द व्हॉल्यूमचं बटण फिरवताना येणाऱ्या आवाजापुरता राखून ठेवावा असं माझं ठाम मत आहे. तिथे क्लीनर मारण्याआधी पॉटवर (बटणामागच्या बदलत्या रझिस्टरवर) डीसी व्होल्टेज मोजा. कपलिंग कंडेन्सर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) ठीक असेल तर ते शून्याच्या आसपास हवं. एखादा व्होल्ट जरी स्थिर दिसला तरी कंडेन्सर गळतो आहे, पॉट निर्दोष आहे.

प्रश्नकर्ता: सगळे शब्द घेतले. आता 'मोटरबोटिंग', म्हणजे मोटरबोटीसारखा संथ ठोक्यांचा आवाज, तेवढं राहिलं.

प्रतिसाद: 'फटफट'. फटफटी हा शब्द जसा आवाजावरून रुळला तसाच हाही रुळेल. दोन टप्प्यांमधला डीकपलिंग कंडेन्सर (त्यांचा सप्लाय एकमेकांपासून वेगळा ठेवणारा) सुकला की पुढच्या टप्प्याचा सिग्नल सप्लायमधून मागे जातो आणि अ‍ॅम्प स्वतःच संथपणे दोलायला लागतो. जुना काढून २२ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा लावा, ध्रुव नीट बघून. त्याआधी प्लग काढा, १० किलोओहम ५ वॅटच्या रझिस्टरने प्रत्येक फिल्टर कंडेन्सर रिकामा करा आणि व्होल्टेज १० च्या खाली आल्याचं मीटरवर बघूनच हात घाला.