डूम संपवून डूम २ सुरू केलाय पण तसं मन लागत नाहीये, तुम्हाला कुठला आवडतो आणि का?

फोबॉसवासी

नमस्कार मंडळी. २०२४ मध्ये डूम आणि डूम २ हे जुने शूटर गेम एकत्र आले ना, ते सेलमध्ये घेतलं आणि पहिला डूम झपाटल्यासारखा खेळलो. १९९३ चा गेम आहे हे डोक्यातच राहिलं नाही. ते मंगळाच्या फोबॉस चंद्रावरचे अंधारे कॉरिडॉर, हिरव्या ॲसिडची तळी, मध्येच दिवे जातात आणि मागे भिंत सरकल्याचा आवाज येतो, काय वातावरण केलंय राव! झोप येत असताना सुद्धा अजून एक लेव्हल, अजून एक लेव्हल असं व्हायचं.

आता डूम २ मध्ये मॅप १३, डाउनटाउनला पोचलोय. ग्राफिक्स तेच, बंदुका त्याच (दुनाळी सोडून), राक्षसांचे प्रकार तर जवळपास दुप्पट झालेत, तरी लेव्हल संपली की सुटलो एकदाचा असं वाटतं. आणि जिथे वाचावं तिथे लोक डूम २ लाच डोक्यावर घेतात. इंजिन तर एकच आहे ना दोन्हीचं? मग एवढा फरक कशामुळे जाणवतोय? हर्ट मी प्लेन्टीवर (मधली काठिण्यपातळी) खेळतोय, सेव्ह बऱ्यापैकी वापरतो.

सांगलीकर

इंजिन एकच रे. पहिला डिसेंबर १९९३ चा आणि दुसरा ऑक्टोबर १९९४ चा, वर्षसुद्धा गेलं नाही मध्ये. तुला जो फरक जाणवतोय तो जागेचा आहे आणि माझ्यासाठी तोच सगळ्यात मोठा फरक आहे.

पहिल्या डूममध्ये तू कायम कुठेतरी असतोस. पहिलीच लेव्हल आठव, हँगर. सुरुवातीच्याच खोलीतल्या खिडकीतून बाहेरचं अंगण दिसतं आणि तिथे निळं चिलखत पडलेलं असतं. दिसतं पण मिळत नाही. बाहेर जायचा रस्ता पुढे एका लपलेल्या वाटेने आहे, आणि तो सापडला की तू त्याच अंगणात उभा राहून मगाच्या खिडकीकडे उलट बाजूने बघतोस. बघ, कोणी न सांगता तुझ्या डोक्यात त्या इमारतीचा नकाशा तयार झाला! हे जॉन रोमेरोचं काम, डूम बनवणाऱ्यांपैकी एक. पहिल्या एपिसोडच्या बहुतेक लेव्हल त्याच्या आहेत आणि त्याचे नियम ठरलेले होते, जमिनीचं टेक्स्चर बदललं की उंची बदलायची, उजेड आणि अंधार शेजारी शेजारी ठेवायचे, खेळणाऱ्याला फिरून फिरून ओळखीच्या जागेवर आणायचं. कम्प्युटर स्टेशन खेळलास ना? तीन चाव्यांसाठी त्याच त्या खोल्यांतून परत जातोस आणि दरवेळी तिथे काहीतरी नवीन उघडलेलं असतं.

अजून एक गोष्ट, पहिला एपिसोड फुकट वाटला होता, शेअरवेअर. लोकांना तो आवडला तरच ते पुढच्या दोन एपिसोडचे पैसे देणार होते, म्हणजे त्या नऊ लेव्हलमध्ये एक खोली सुद्धा भरतीची ठेवून चालणार नव्हतं. डूम २ सरळ खोक्यात घालून दुकानात आला, तो घेणारा आधीपासूनच डूमवेडा होता.

आणि लेव्हल संपल्यावरचा नकाशा! किती जण तो स्क्रीन न बघता पुढे जातात. दुसऱ्या एपिसोडमध्ये लेव्हलगणिक त्या नकाशावर एक मनोरा उभा राहत जातो आणि आठव्या लेव्हलला त्याच मनोऱ्यात तुझी सायबरडेमन ह्या महाराक्षसाशी गाठ पडते. संवाद नाही, व्हिडिओ नाही, नुसत्या एका चित्राने धाकधूक वाढवलीय. डूम २ मध्ये तो नकाशाच काढून टाकला, काही लेव्हलनंतर मजकुराचं एक पान येतं तेवढंच. त्यामुळे मॅप ९ वरून मॅप १० ला गेलो म्हणजे नक्की कुठून कुठे गेलो याचा पत्ता लागत नाही. डाउनटाउन म्हणजे शहर म्हणायचं पण तिथे माणसं राहत असतील असं एका तरी इमारतीकडे बघून वाटतं का? तपकिरी ठोकळे नुसते.

माझ्यासाठी पहिलाच, आणि ह्यात तसूभर फरक पडणार नाही.

छर्रा_आणि_काडतूस

सांगलीकर दादा, जागेचं सगळं पटलं पण तुम्ही लढाईबद्दल अवाक्षर काढलं नाहीत आणि शूटर गेममध्ये निम्मा वेळ आपण गोळ्याच झाडत असतो हो!

पहिल्या डूममधली राक्षसांची फळी बघा. झोंबी २० हेल्थ, इम्प ६०, पिंकी १५०, कॅकोडेमन ४००, आणि त्याच्यावर एकदम १००० चा बॅरन. मधल्या वजनाचं कोणीच नाही. पहिल्या एपिसोडच्या शेवटी दोन बॅरन येतात तेव्हा घाम फुटतो हे मान्य, पण तिसऱ्या एपिसोडमध्ये बॅरन दिसला की भीती नाही वाटत, कंटाळा येतो, कारण तो एकेक हिरवा गोळा फेकणार आणि आपण डावी-उजवीकडे सरकत रॉकेट मारत बसणार. डूम २ ने नेमकी हीच पोकळी भरली. हेल नाइट म्हणजे निम्म्या हेल्थचा बॅरन, ५०० चा. रेव्हनंट ३०० चा पण त्याची काही क्षेपणास्त्रं वळून मागे येतात, म्हणजे नुसतं बाजूला सरकून भागत नाही, मध्ये खांब घ्यावा लागतो. चेनगनवाल्याला हेल्थ फक्त ७० पण तो नजरेसमोर राहिला तर तुमचं चिलखत खाऊन टाकतो, म्हणून खोलीत शिरल्या शिरल्या आधी त्याला शोधायचा. मँक्युबस जागा अडवतो, पेन एलिमेंटल उशीर केलात तर लॉस्ट सोल (उडत्या जळत्या कवट्या) ओकत सुटतो. प्रत्येक जण तुम्हाला वेगळ्या तऱ्हेने हलायला लावतो. एका खोलीत असे तीन प्रकार एकत्र ठेवले की ती खोली म्हणजे एक कोडं होतं, आणि ते कोडं पळता पळता सोडवायचं असतं.

आणि दुनाळी! साध्या शॉटगनमधून ७ छर्रे सुटतात, दुनाळीतून २०, काडतुसं मात्र दोनच लागतात. म्हणजे दोन काडतुसांत १४ च्या जागी २०. पण छर्रे पसरतात, त्यामुळे फायदा हवा तर राक्षसाच्या तोंडाशी जावं लागतं, आणि परत भरायला वेळ लागतो तेवढ्यात तो उलटून मारू शकतो. घुसायचं, ठो, मागे यायचं, नळी उघडल्याचा तो खट्ट आवाज, परत घुसायचं. ही लय पहिल्या डूममध्ये नाहीये. ज्याने दुनाळी घेऊन डेड सिंपल लेव्हलमध्ये मँक्युबसच्या घोळक्यात फेऱ्या मारल्यात त्याला साधी शॉटगन परत हातात धरवत नाही.

चाहते आजपर्यंत ज्या हजारो लेव्हल बनवत आलेत त्यातल्या बहुतेक डूम २ वर का बनतात? ह्याच साठी. जागा आपल्या मनाने बांधता येते, राक्षस मात्र तयार मिळावे लागतात.

सांगलीकर

हे मात्र शंभर टक्के मान्य. राक्षस दुसऱ्याचे आणि घर पहिल्याचं, असा गेम मिळाला असता तर मी दुसरं काही खेळलोच नसतो. पण एक सांगतो, रोमेरोने २०१९ मध्ये सिजिल काढला तो पहिल्या डूमवरच काढला, पाचवा एपिसोड म्हणून. रेव्हनंट नाही, दुनाळी नाही, जुनेच राक्षस, आणि नुसत्या अरुंद वाटा, लाव्हा आणि अंधाराच्या जोरावर त्याने लोकांना रडवलं. जागा नीट बांधली तर इम्प सुद्धा पुरतो.

पिस्तूल_स्टार्ट

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला वाटतं. फोबॉसवासी, तुझं मन न लागण्याचं एक कारण मला तुझ्याच पोस्टमध्ये दिसतंय, तू सेव्ह करत मॅप १ पासून सलग येतोयस. डूम १ मध्ये नवीन एपिसोड सुरू केला की हातात परत पिस्तूल आणि पन्नास गोळ्या. आठ-नऊ लेव्हल झाल्या की परत भिकेला, परत शॉटगन दिसली की जीव भांड्यात पडणार. डूम २ मध्ये एपिसोडच नाहीत, ३२ लेव्हलची एकच माळ, त्यात शेवटच्या दोन सीक्रेट. म्हणजे तू डाउनटाउनला आलास तेव्हा तुझ्याकडे रॉकेट, प्लाझ्मा, शेकड्याने गोळ्या सगळं असणार. मग रस्त्यात पडलेल्या काडतुसाच्या डब्याचं तुला काय अप्रूप?

एकदा प्रत्येक लेव्हल कोऱ्या पिस्तुलाने सुरू करून बघ. मूळ गेममध्ये सेव्ह न वापरता मेलं की लेव्हल तशीच नव्याने सुरू होते, चॉकलेट डूम (जुना गेम जसाच्या तसा चालवणारं सॉफ्टवेअर) घेतलास तर अगदी तसाच अनुभव मिळेल. मग डाउनटाउनमध्ये कुठल्या इमारतीत आधी शिरायचं हा खरा प्रश्न होतो, कारण बाहेर चौकात उभं राहिलं की चारी बाजूंनी मारा. लेव्हल तीच पण तू भुकेला असतोस, त्यामुळे सगळं नीट दिसायला लागतं.

आणि डूम २ च्या सगळ्या लेव्हल एका दर्जाच्या नाहीत हे पण खरं आहे. सँडी पीटरसन ह्या दुसऱ्या डिझायनरने ढिगाने लेव्हल बनवल्या, त्याच्याकडे भन्नाट कल्पना असायच्या पण दिसायला ओबडधोबड. ट्रिक्स अँड ट्रॅप्समध्ये बॅरनच्या घोळक्याला आणि सायबरडेमनला एकमेकांत भिडवून आपण दाराशी उभं राहायचं, ही कल्पना त्याचीच, आणि ती पहिल्या डूममध्ये कुठेच सापडणार नाही. पण द कॅझममधल्या त्या अरुंद पट्ट्यांवरून चालताना मी कितीही प्रेम असलं तरी वैतागतो.

फोबॉसवासी

अरे वा, एवढं सविस्तर! पिस्तूल_स्टार्ट, तुमचं ऐकून मॅप ११ पासून परत सुरू केलं, पिस्तुलाने. वेगळाच गेम वाटतोय, खरंच. आज पहिल्यांदा एका झोंबीची शॉटगन मिळाली म्हणून आनंद झाला. सांगलीकर काका, तो मनोरा मी बघितलाच नव्हता, पहिला डूम परत लावून दुसऱ्या एपिसोडपासून बघणार आहे.

फक्त त्या आर्चव्हाइलचं काय करायचं ते सांगा, मारलेले सगळे उठवतोय आणि मला एका फटक्यात अर्धमेला करतोय.

छर्रा_आणि_काडतूस

७०० हेल्थ आहे त्याला आणि त्याचा पूर्ण फटका बसला तर ९० पर्यंत जाते, चिलखत नसेल तर जवळपास संपलासच. पण त्याला मंत्र म्हणायला वेळ लागतो. तुझ्या अंगाभोवती ज्वाळा दिसायला लागल्या की घाबरून पळत सुटू नकोस, जवळची भिंत किंवा खांब गाठ. शेवटच्या क्षणी त्याला तू दिसत नसलास की फटका वाया. तो थांबला की बाहेर ये, दुनाळीचा एक बार टाक, परत आडोसा. दुसऱ्या राक्षसांना त्याच्यावर सोडायचा प्रयत्न करू नको, त्याचा मार लागला तरी ते उलटून त्याच्या अंगावर जात नाहीत. आणि खोलीत शिरल्यावर तो दिसला तर बाकी सगळे सोडून आधी त्यालाच घे, नाहीतर तीच माणसं दोनदा मारत बसशील.

सांगलीकर

आणि मॅप १५ ला घाई करू नको. इंडस्ट्रियल झोन रोमेरोचा आहे, उघडा आणि प्रचंड मोठा. तिथूनच सीक्रेट मॅप ३१ चा रस्ता आहे, पुढे ३२. तो स्वतः शोध, इथे कोणी सांगू नका रे त्याला.