सी स्टँडर्डमध्ये डूम वाजवायचंय, ३० हजारांत काय घेऊ?

संथवादक (पुणे)

नमस्कार मंडळी. आमचा तिघांचा बँड आहे: गिटार, बास, ड्रम. ब्लॅक सॅबथ, स्लीप, कायस हे डूमच्या (संथ, जड मेटलच्या) वळणाचे बँड ऐकून वेड लागलंय आणि आता त्याच वळणाच्या स्वतःच्या रिफ्स रचतोय. माझी गिटार स्ट्रॅटच्या घडणीची, तिन्ही पिकअप सिंगल कॉइल (एका गुंडाळीचे), तारा १०-४६ (इंचाच्या हजाराव्या भागात जाडी). घरी १० वॉटचा छोटा ॲम्प.

सी स्टँडर्डला, म्हणजे सगळ्या तारा सारख्याच खाली आणून ई ची सी केली, की जाड तार लोंबते. कॉर्ड मारली की सूर आधी वर जातो, मग खाली येतो. डिस्टॉर्शन वाढवलं तर नुसता खरखराट. दुकानात म्हणाले, आधी हंबकरवाली (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपची) गिटार घे, मग हाय-गेन मेटल पेडल. फ्लॅटमध्ये जोरात वाजवता येत नाही, सराव जॅमरूमला होतो. सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी

सरळ मल्टि-इफेक्ट्स घे. फझ (जाड, खरखरीत डिस्टॉर्शन), ॲम्प, कॅबिनेट (स्पीकरची पेटी) सगळं एका डब्यात येतं आणि हेडफोनवर शेजाऱ्यांचा प्रश्न मिटतो.

पांढरी_दोन (ठाणे)

घरासाठी रात्रपाळींचा सल्ला बरोबर आहे. पण तू जी तक्रार सांगतोयस ती डब्याने सुटणार नाही, कारण ती तारेत आहे. मी ठाण्यात डूम वाजवते आणि ओळखीच्यांच्या गिटारी सेटअप करून देते. खाली उतरवलेल्या जवळजवळ प्रत्येक गिटारीचं पहिलं दुखणं हेच असतं.

ई वरून सी म्हणजे चार सेमीटोन खाली. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाने बदलतो, म्हणून ८२ हर्ट्झची तार ६५ वर आणली की ताण सुमारे ३७ टक्क्यांनी घटतो. तेवढी सैल तार जोरात छेडली की ताणली जाते आणि सूर वर पळतो. मूळ ताण परत हवा तर जाडी सव्वापट लागते: ४६ च्या जागी ५८, १० च्या जागी साडेबारा. म्हणजे १२-६० च्या आसपासचा सेट. ताण आधीइतकाच राहिल्यामुळे ट्रेमोलोच्या स्प्रिंगही फारशा हलवाव्या लागत नाहीत.

आणि कृपा करून गिटार बदलू नकोस! स्ट्रॅटची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २५.५ इंच, एसजी-लेस पॉल या गिटारींची २४.७५. त्याच तारेवर, त्याच सुरात तुझ्या गिटारीला सहा टक्के जास्त ताण मिळतो, खालच्या ट्यूनिंगला हा फायदाच आहे. हंबकरशिवाय डूम होत नाही हेही खरं नाही. सॅबथच्या पहिल्या अल्बमच्या वेळी त्यांचा गिटारिस्ट टोनी आयोमी स्ट्रॅटच घेऊन आला होता. रेकॉर्डिंग चालू असताना पिकअप बंद पडला म्हणून त्याने एसजी उचलली, आणि त्या एसजीत पी-९० होते, म्हणजे तेही सिंगल कॉइलच. पुढे कधी वाटलं तर ब्रिजला सिंगलच्या मापाचा रेल हंबकर बसव. आत्ता नेक पिकअप लाव, गिटारीचा टोन निम्म्यावर आण आणि ऐक.

आता मेटल पेडल. मला त्याचा खरोखर राग येतो, कारण नवीन मुलांना पहिल्यांदा तेच विकलं जातं. आपल्या संगीतात कॉर्ड मारल्यावर ती चार-आठ मात्रा जगली पाहिजे, तिच्यात सुरुवातीचा धक्का आणि मग हळू विरणं दोन्ही ऐकू आलं पाहिजे. गेन पूर्ण फिरवला की सगळं एका पातळीवर दाबलं जातं आणि धक्का मरतो. वजन तिथेच जातं.

तुला फझ हवा. बिग मफ हे फझ पेडल १९६९ पासून या आवाजाच्या मुळाशी आहे. त्याचा सस्टेन निम्म्यावर ठेव. पण त्याच्या टोन सर्किटमुळे मधल्या फ्रीक्वेन्सी खचतात. घरी एकटं वाजवताना तो आवाज अफाट वाटतो, आणि ड्रम-बास सुरू झाले की गिटार गायब! उपाय असा की ॲम्पचा मिडल सात-आठवर ने, किंवा मफ आणि ॲम्पच्या मध्ये ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं ओव्हरड्राइव्ह पेडल लाव, ते नेमका मधला भाग उचलतं. एकट्या गिटारीच्या बँडला मी मफपेक्षा रॅट हे डिस्टॉर्शन पेडल सुचवेन. त्यात मिड शाबूत राहतात. फक्त त्याचं फिल्टर नॉब उलटं चालतं, उजवीकडे फिरवलं की आवाज गडद होतो.

उरलेले पैसे स्पीकरवर. घरच्या ॲम्पचा लहानसा स्पीकर ६५ हर्ट्झ दाखवूच शकत नाही. सेकंडहँड बघ, पण १२ इंची स्पीकर असलेलाच ॲम्प घे. आणि तोवर जॅमरूममध्ये एक करून पाहा: जादा बास ॲम्प पडलेला असेल तर फझ लावून गिटार त्यात घाल. कायसमध्ये जॉश होमी बासच्या कॅबिनेटमधून वाजवायचा. बास ॲम्पला गिटारीने काही होत नाही. बास मात्र गिटारच्या स्पीकरमध्ये घालू नका, तो फाटेल.

मुंबईच्या डर्ज आणि बेंगळुरूच्या बेवार सी या बँडचं काही चालू असेल तर प्रत्यक्ष जाऊन ऐक. बास आणि गिटार एकमेकांना कुठे जागा देतात तिकडे लक्ष दे. यूट्यूबवर ते नीट कळत नाही.

लोहभट्टी

ताई, बाकी पटलं, पण जाड तारांचा नियम आयोमीनेच मोडलाय ना? तो तर पातळ तारा लावतो.

पांढरी_दोन (ठाणे)

हो, आणि त्याचं कारण त्याच्या हातात आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. टोकांवर टोप्या घालून वाजवायचं तर तार हलकी आणि सैल हवी, म्हणून पातळ सेट आणि १९७१ पासून तीन सेमीटोन खालचं ट्यूनिंग. सैल तारेवर सूर धरून ठेवायचा हलका स्पर्श त्याने कमावला. तसा हात असेल त्याने जरूर पातळ तारा लावाव्यात. पण इथे प्रश्नातच लिहिलंय की कॉर्ड मारली की सूर पळतो, म्हणून याला मी जाड तारच सांगेन.

त्याचं खरं शिकण्यासारखं पुढे आहे: सुरुवातीच्या काळात तो लेनी ॲम्पच्या आधी रेंजमास्टर ट्रेबल बूस्टर लावायचा. बास वाढवत नव्हता. खालचा मजला सॅबथच्या बासवाल्याचा, गीझर बटलरचा होता. तुमच्या बासवाल्यालाही सीला उतरव, त्याची सर्वांत खालची तार ३३ हर्ट्झला येईल, आणि तू ॲम्पचा बास नॉब कमी कर.

संथवादक (पुणे)

ताई, खूप आभार. १२-६० चा सेट मागवला. दोन शंका. ६० ची तार नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत बसेल का? आणि पेडल लावलं की गुणगुण फार येते, ती पिकअपची की अडॅप्टरची?

पांढरी_दोन (ठाणे)

बसणार नाही, वर अडकेल. मग पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सूर चढा लागेल आणि ट्यून करताना 'टिंग' असा आवाज येईल. खाच गोल कानसेने रुंद करायची, खोल नाही. हाताला सवय नसेल तर कारागिराकडे ने आणि नव्या तारा सोबत दे. इंटोनेशनही, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागेल अशी ब्रिजवरच्या सॅडलची जुळणी, त्याच वेळी कर. जाड तारेचं सॅडल बरंच मागे न्यावं लागेल. स्क्रूवरची स्प्रिंग आड आली तर ती कापून आखूड केली तरी चालते.

गुणगुणीसाठी पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघ. थांबली तर अडॅप्टर बदल. नाही थांबली तर गिटार धरून जागच्या जागी हळूहळू फिर. दिशेप्रमाणे कमी-जास्त झाली तर पिकअप पकडतोय. मग स्विच मधला आणि कडेचा पिकअप एकत्र चालतील अशा जागी टाक, बऱ्याच गिटारीत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो आणि त्या जोडीत गुणगुण जाते. दोन्हींनी फरक पडला नाही तर सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे, आणि तोवर त्या सॉकेटवर वाजवू नकोस.