मदत हवी आहे: मोठ्या मुलीला तिसरीत बसवतायत

पाड्यावरची_ताई: आमच्या पाड्यावरच्या एका मुलीला शाळेत घालायचंय. मुख्याध्यापिका म्हणतात दाखला आणा, जन्माचा पुरावा आणा, आणि घेतलीच तर तिसरीत बसेल. ती एवढ्याशा पोरांत बसायला तयार नाही. सोमवारी परत बोलावलंय. काय करू? लवकर सांगा.

गोरेगाव_पूर्व: कुठला पाडा? वय किती? शाळा महापालिकेची की खाजगी? आधी कुठे शिकत होती?

मोखाड्याचा_मी: जातीचा दाखला काढलाय का? आधी तेच काम करा. 1950 पूर्वीचे कागद लागतात, आजोबा-पणजोबांचं काही सापडतंय का बघा. आमची दोन वर्षं गेली त्यात.

पाड्यावरची_ताई: जातीच्या दाखल्याचं मी विचारलंच नाहीये. आरे कॉलनी. मुलगी वारली समाजाची, 10 वर्षं पूर्ण. शाळा महापालिकेची, मराठी माध्यम. गावाकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरी झाली, मग आईबाप भिवंडीला वीटभट्टीवर गेले, तीही गेली. आता आत्याकडे असते.

विक्रोळीकर: आरेत मेट्रो कारशेडचं शेवटी काय झालं? झाडं परत लावली का?

गोरेगाव_पूर्व: त्याला वेगळा धागा काढा हो.

निवृत्त_मास्तर: ताई, शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 4. शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा. 10 पूर्ण म्हणजे पाचवी. मागे पडलेला अभ्यास शाळेनेच विशेष प्रशिक्षण देऊन भरून काढायचा. कलम 14 म्हणतं, वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची नोंद किंवा पालकांचं निवेदनही चालतं. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी कलम 5 प्रमाणे अडवता येत नाही. तोंडी बोलू नका. अर्ज द्या, पोच घ्या. नाही ऐकलं तर वॉर्डातल्या प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांच्याकडे जा.

डहाणूची_शिक्षिका: मास्तर, कायदा बरोबर, पण नुसतं पाचवीत बसवून काय? पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे. प्रशिक्षण कागदावरच राहिलं तर पोरगी पुन्हा घरी बसेल. त्यापेक्षा आश्रमशाळेत घाला, राहण्याजेवणाची सोय होते.

मोखाड्याचा_मी: मी आश्रमशाळेतच शिकलो. घरापासून तोडून काय होतं ते मला माहीत आहे. आत्या सांभाळतेय ना? मग तिथेच राहू दे.

डहाणूची_शिक्षिका: सगळ्यांचा अनुभव तुमच्यासारखा नसतो. ताई, तिला वाचता येतं का?

पाड्यावरची_ताई: जोडाक्षरांना अडते. पण भट्टीवर हजारी विटांचा हिशोब असतो ना, तो बापाचा तीच ठेवायची. किती हजार झाल्या, उचल किती फिटली, सगळं तोंडी. पाटीवर भागाकार दिला की मांडता येत नाही. ती तिसरीतली नाही हो, कुणी नीट बसून शिकवलं तर महिन्यात धरेल. आश्रमशाळेत आत्या पाठवणार नाही. अर्जावर सही कुणाची? आईबाप भट्टीवरच आहेत.

निवृत्त_मास्तर: हे आधी सांगायचं! आत्याची सही चालेल, सांभाळ करणारी व्यक्ती पालकच धरतात. अर्जात 'वयानुरूप पाचवीत प्रवेश व विशेष प्रशिक्षण' दोन्ही लिहा, आणि प्रशिक्षण कोण देणार, रोज किती वेळ, हेही लेखी मागा. ते तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत देता येतं. मसुदा रात्री टाकतो.

डहाणूची_शिक्षिका: आणि आईबाप पुढच्या हंगामात तिला परत नेणार का, ते आत्याला आत्ताच विचारा. न्यायचंच ठरलं तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं.